पुरून उरणारं तांबं

आये, तुझ्या नातीच्या पायात हल्ली चप्पल राहत नाही. रस्त्यात कुठेतरी निसटते आणि तिला कळतसुद्धा नाही. परवा क्लासवरून आली तेव्हा एकाच पायात चप्पल होती, दुसरा तळवा काळाकुट्ट, त्यात काच घुसलेली, आणि ही बया मला मैत्रिणीचं काहीतरी हसत हसत सांगतेय. मी काच ओढून काढली तरी तिने पाय हलवला नाही. "दुखतंय का गं?" म्हटलं, तर म्हणाली, "नाही. दुखायला हवं का?" तू तिला पाहिलंच नाहीस. तू गेल्यावर दोन वर्षांनी ती झाली, आता चौदाची आहे. जिना चढताना भिंत धरते. तोंड धुताना डोळे मिटले की तिचा तोल जातो, म्हणून मी मोरीच्या दाराशी उभी राहते आणि टॉवेल द्यायला आल्यासारखं करते. मला काही सुचत नाही, आये. घरात बोलायची सोय नाही, आणि का नाही तेही सांगते.

आपल्या परसातला दुध्याचा वेल आठवतो तुला? चुलीतली मूठभर राख तू त्याच्या आळ्यात टाकायचीस, तीही आठ-दहा दिवसांतून एकदा. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तू अंबाडी गावाच्या बाजूला वीटभट्टीवर कामाला जायला लागली होतीस आणि वेल माझ्यावर सोपवला होतास. मला वाटलं, मुठीने एवढा वाढतो तर टोपलीने केवढा वाढेल. रोज एक टोपली राख ओतली. आपली संपली तेव्हा शेजारच्या मावशीकडून मागून आणली. पाचव्या दिवशी पानं कडेने करपली, सहाव्या दिवशी वेल मान टाकून पडला. संध्याकाळी तू येतेस, डोक्यावरची चुंबळही न काढता आळ्यापाशी बसतेस, बोटांनी राख उकरतेस. मला वाटतं आता पाठीत बसणार. तू मारलं नाहीस. "येल मेला गं तुझ्या मायेनं," एवढंच म्हणालीस. आणि भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता, "मी मूठ टाकतंय, ती काय घरात राख न्हाय म्हणून?" त्या रात्री मी जेवले नाही आणि तूही मला फार आग्रह केला नाहीस.

पोरगी अकरा वर्षांची असताना तिला जुलाबांनी पार पिळून काढलं. दवाखान्यातून मिठाचं पाणी दिलं आणि झिंकच्या गोळ्या, रोज एक, चौदा दिवस. आये, त्या गोळ्यांनी तिला भूक लागायला लागली गं. जी पोर दोन घास खाऊन ताट सरकवायची ती परत भात मागायला लागली. गाल भरले. शेजारणी विचारायला लागल्या, काय खायला घालतेस हिला? मला केवढं बरं वाटायचं. चौदा दिवस झाल्यावर मी रिकामी पट्टी घेऊन नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेले, तशीच दुसरी आणली. मग सकाळ-संध्याकाळ द्यायला लागले. मग दुपारी शाळेच्या डब्यात एक. पुढे मोठ्या माणसांची जाड गोळी मिळते असं कळलं, ती चालू केली. तिचे पप्पा पॉवरलूमवर बारा तासांची शिफ्ट करतात, त्यांनी कधी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी म्हटलं असतं, ताकदीची आहे. असं जवळजवळ तीन वर्षं चाललं.

मी राहनाळला धान्याच्या गोदामात कामाला आहे. पोकळ सळई गोणीत खुपसायची, मूठभर तांदूळ बाहेर काढायचा, त्यात तुकडा किती, खडा किती, ओल किती ते बघून चिठ्ठीवर लिहायचं. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, एवढा तांदूळ एका जागी? आणि पांढरा तर असा की हाताला भुकटी लागते. त्याचा कोंडा आधीच काढून दुसरीकडे गेलेला असतो, ढोरांच्या खाद्याला आणि तेलाला. आपल्याकडचा हातसडीचा लाल तांदूळ मला लहानपणी गरिबीचा वाटायचा. नाचणीही तशीच. गेल्या वर्षी गोदामात एक पोरगी आली होती, लॅपटॉप घेऊन. देशात किती धान्य पिकलं, किती आलं, किती गेलं, ते सगळं माणशी वाटलं तर प्रत्येकाच्या तोंडी किती लोखंड जातं, किती जस्त, किती तांबं, असा हिशेब ती लोकं करतात म्हणे. तांबं खातात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी गंमत म्हणून विचारलं, मग तांबं पुरतं का सगळ्यांना? ती म्हणाली, "पुरून उरतं ताई. तांब्याची काळजी नाही आपल्याला." माझ्याच गोण्यांतून देशाला पुरवठा होतोय अशा थाटात मी ते घरी सांगितलं. पोर म्हणाली, म्हणजे मी तांब्याची आहे? खूप हसलो आम्ही त्या दिवशी.

मग ती पांढरी पडत गेली. लोखंडाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, रक्त वाढेना. पायाला मुंग्या, मग मुंग्याही नाहीत. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात एका डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलं, अजून काय देता हिला? मी पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, आणि किती दिवसांपासून म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं. म्हणाल्या, "झिंक वाईट नाही हो. पण एवढं झिंक रोज गेलं की आतडं तांबं आत घेत नाही, अडवून बाहेर टाकतं. ताटात असून उपयोग नाही. रक्त येईल भरून. पायाच्या नसांचं मी आज सांगू शकत नाही." मग एका कागदावर लिहून दिलं, काय खायला द्यायचं. काळीज, खेकडे, तीळ, डाळी, नाचणी. आये, तो कागद मी अजून वाचते. तुझी चूल आहे त्यात सगळी. ओहळातले मुठे, ते बारके खेकडे, पकडून तू पाट्यावर वाटायचीस, त्यांचं सार मला पाजायचीस, आणि मी नाक दाबून प्यायचे.

आणि अक्कल एवढं होऊनही आली नाही. तांबं कमी आहे ना, मग मी भांड्याच्या दुकानातून तांब्याचा तांब्या आणला, त्यात ताक भरून ठेवलं, म्हटलं आंबटाने जास्त उतरेल. दुपारपर्यंत हिरवट झालं. ते तिला पाजलं. उलट्या करून करून पोर लोळागोळा झाली. डॉक्टरीणबाई आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्यासारख्या ओरडल्या, "तुम्ही तिला काहीही देऊ नका, मी लिहिल्याशिवाय काही म्हणजे काही देऊ नका." त्या बोलत होत्या आणि मला तुझी बोटं दिसत होती, राख उकरणारी.

आता सलाईनमधून तांबं देऊन झालंय, पुढे तोंडाने चालू आहे. चेहऱ्यावर रंग येतोय. पाय तसेच आहेत. रोज सकाळी ती पलंगावर बसते, मी डोळे मिटायला सांगते आणि तिच्या अंगठ्याला कापूस लावते. ती मला वाईट वाटू नये म्हणून अंदाजाने "हो" म्हणते. कधी कधी मी कापूस लावलेलाच नसतो.

आज तिने एक गोष्ट सांगितली आणि त्यामुळेच हा कागद घेऊन बसले. मी घरात सांगितलंय की गोळ्या वाढवायला मेडिकलवाल्याने सांगितलं होतं. तिच्या पप्पांनी मलाही बरोबर घेऊन दुकानात जाऊन चारचौघांत त्याला नको नको ते ऐकवलं. तो मान खाली घालून उभा होता, माझ्याकडे एकदा बघितलं त्याने, बोलला काहीच नाही. आता ते त्याच्यावर तक्रार करायची म्हणतात, लायसन्स घालवतो म्हणतात. तर पोर आज म्हणाली, "आई, पप्पांना सांग ना, सोडून द्या. त्याने काय मुद्दाम केलं? माझा राग नाही त्याच्यावर."

आये, गोळ्या वाढवायचं तो कधी बोललाच नव्हता. उलट एकदा पट्टी हातात धरून म्हणाला होता, "भाभी, इतनी मत दो, डॉक्टर से पूछ लो एक बार." मीच म्हटलं, तू दे, पोर माझी आहे. हे मी त्यांना सांगू शकत नाही. पोरीने त्याला माफ केलं तेव्हाही मी भाजी निवडत राहिले. हा कागद मी कुठे ठेवणार नाही, चुलीत घालायचा तर घरात गॅस आहे, फाडून टाकीन. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर तुला लिहिलं.