उजरानमध्ये जादू कुठून आली

प्रिय मुक्ता,

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे तुला माहीत आहे. कारखान्याच्या तपासणी विभागात तीस वर्षं अहवाल लिहिले, तेवढंच माझं लिखाण. पण गेल्या रविवारी मी सबाशी खोटं बोललो. ते खोटं तुझ्याबद्दल होतं, म्हणून आधी तुला सांगतो आहे.

सबा तुझ्या उजरानच्या वह्या घेऊन आली होती. अकरा वह्या झाल्या होत्या, मला कल्पनाच नव्हती! नववीत असताना तुम्ही दोघींनी हा देश मनाने काढला, तू लिहायचीस आणि ती नकाशे, चित्रं काढायची, एवढंच मी जाणून होतो. आता ती त्याचं पुस्तक करते आहे. सात गावं आहेत, त्यांच्या रीती आहेत, जादूचे सगळे नियम आहेत. पहिलं प्रकरण तेवढं नाही. वर ‘जादूचा उगम’ असं लिहिलंयस आणि खाली कोरी पानं.

“अंकल, वो बोली थी, बाबा को पूरा सुना दिया, करोंद जाते टाइम. अब बस लिखना बाकी है. आपको याद है ना?”

मी म्हणालो, “हां बेटा, याद है.”

तू गेल्याला पाच महिने झाले. एवढ्या दिवसांत त्या पोरीला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. ती लगेच म्हणाली, “तो अगले संडे आऊँगी, आप बोलना, मैं लिखूँगी.” चहा अर्धा टाकून नेहरू नगरला घरी पळाली, तिच्या अम्मीला सांगायला. मी दारात उभा राहिलो. हाक मारून खरं सांगता आलं असतं. मारली नाही.

करोंदचा तो दिवस मला चांगला आठवतो. वर्षाचा गहू बघायला आपण मंडीत निघालो होतो. तू स्कूटरवर मागे बसली होतीस. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, धूळ, माझ्या डोक्यावर हेल्मेट. तू म्हणालीस, “बाबा, ऐका, उगम सापडला!” उजरानमध्ये आधी जादू नव्हतीच, म्हणालीस. एका बाईचा भाऊ तळ्यापलीकडे नावेने गेला होता. थंडी फार होती. ती काठावर बसून राहिली, तिचे हात गारठले, आणि मग... मग एका ट्रकने हॉर्न दिला. मी म्हणालो, “नीट धर, खड्डा आहे.” तू पुढे बोलत राहिलीस. मी “हं” म्हणत राहिलो. मंडी येईपर्यंत तू बोलत होतीस आणि मी, शरबती गव्हाचा भाव काय निघेल, याचा विचार करत होतो.

एकदा तरी स्कूटर बाजूला का नाही घेतली मी?

तुझी पहिली वही तू मला कौतुकाने वाचायला दिली होतीस. मी काय केलं? तांबडी पेन्सिल घेतली! कारखान्यात ड्रॉइंग तपासायचो तशी तुझी जादू तपासली. ‘ऊर्जा कुठून येते? नमूद नाही.’ ‘उगम नमूद नाही.’ चौदा वर्षांच्या मुलीच्या वहीत! त्यानंतर तू मला वही दाखवली नाहीस. मी विचारलंही नाही. मला वाटलं, नाद सुटला.

आता वाचल्या. दुसऱ्याच वहीत तू माझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलंयस. जादू करणाऱ्याच्या अंगातली ऊब खर्ची पडते. काम झालं की त्याचे हात बर्फासारखे होतात, आणि घरातल्या कुणीतरी ते ऊन होईपर्यंत धरून बसायचं, अशी उजरानची रीत. म्हणून तिथे एकटा माणूस जादू करत नाही. हिशेब चोख बसतो गं. मी तपासायला असतो तर पास केलं असतं. पण हे मला दाखवलं का नाहीस? एवढा राग धरलास?

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवसांत तुझे हात गार पडायचे. आई धरून बसायची. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून रिपोर्ट वाचायचो. तेच रिपोर्ट, पुन्हा पुन्हा. मला तेवढंच येतं, असं वाटायचं. तुला काय वाटत होतं, ते आता कुणाला विचारू?

या आठवड्यात रोज सकाळी टेबलाशी बसून उगमाचा उरलेला भाग रचायचा प्रयत्न केला. काय लिहिलं सांगू? ‘सदर बाईच्या हातातून प्रथम उष्णता बाहेर पडली व त्यायोगे तळ्यावर प्रकाश निर्माण झाला.’ तू पोट धरून हसली असतीस! आईने वाचलं. ती हसली नाही.

“हे काय चाललंय?” तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. तिने कागद उलटा ठेवला. मग म्हणाली, “अहो, तिला माहीत होतं. त्या दिवशी मंडीतून आल्यावर मला म्हणाली, ‘आई, बाबांनी एक अक्षर ऐकलं नाही. पण हं मात्र अगदी बरोब्बर जागी म्हणाले.’ किती हसत होती!”

“तुला सांगितलं का तिने? पुढचं?”

“मी पोळ्या करत होते. म्हटलं, लिहिलंस की वाचीन.”



म्हणजे तुला माहीत होतं. तरी सबाला सांगितलंस, बाबांना सगळं ऐकवलं. मैत्रिणीसमोर माझी बाजू सांभाळलीस. का गं? त्यापेक्षा घरी आल्यावर माझ्यावर ओरडली असतीस, “बाबा, बसा, परत सांगते,” तर मी बसलो असतो. खरंच बसलो असतो. निदान आज तसं वाटतं.

परवा रविवार. सबा दहाला येईल. मी तिला ती बाई सांगीन, तळं, होडी, भाऊ आणि गारठलेले हात सांगीन. तिथे थांबून सांगीन की पुढचं मी ऐकलं नाही, आणि मागच्या वेळी तिच्याशी खोटं बोललो. ती रडेल. कदाचित परत या घरी येणार नाही. तरी सांगीन. पुस्तकात त्या ठिकाणी छापायला सांगीन की पुढची गोष्ट मुक्ताने आपल्या वडिलांना सांगितली होती, त्यांनी ती ऐकली नाही. तुझ्या देशात माझ्या मनाचं एक वाक्यही घालणार नाही, मुक्ता. एवढा शब्द देतो.

तुझे,
बाबा
अयोध्या नगर, भोपाळ