बोटभर कलता ट्रेलर

आप्पा,

आज चौदा जून. सकाळी सव्वासहाला मी पलंगावर उभा राहून छताच्या कडेचं रबर अंगठ्याने दाबून बघत होतो. रात्रभर पाऊस पडला, तरी गादी कोरडी होती. इथे जपानात, उरायासु शहराच्या पुढे, समुद्राकाठच्या एका यार्डात मी सहलीचे ट्रेलर दुरुस्त करतो आणि त्यातल्याच एका जुन्या ट्रेलरमध्ये राहतो. बटण दाबलं की त्याची अर्धी खोली ड्रॉवरसारखी भिंतीतून बाहेर सरकते. तिथेच माझा पलंग आहे आणि गेल्या आठवड्यात पाणी आलं तेही तिथूनच. मालक, त्यांना इथे शाचो म्हणतात, म्हणाले, "अजून एकदा गळला की भंगारात." मग मी राहणार कुठे?

तुम्ही फ्रिज दुरुस्त करताना दारात कागद अडकवून ओढून बघायचात, तसा मी तेव्हाच रबरात कागद अडकवून पाहिला होता. पकड घट्ट होती. छतावरची पानं झाडली, रबर पुसून त्याला मऊ ठेवणारं औषध लावलं. तरी पाणी येतच होतं. फट सिलिकॉनने बुजवावी, तर खोली सरकणार कशी? काल पावसाने उघडीप दिली तेव्हा शिडी लावून वर पाहिलं. सरकत्या खोलीच्या छतावर पाणी ताटात वाढल्यासारखं उभं होतं. ट्रेलर मीच लावला होता, लेव्हलचा बुडबुडा अगदी मधोमध. शाचोंनी तेव्हा कौतुकही केलं होतं.

आणि मला एक स्वयंपाकघर आठवलं. मी नुकताच शाळा सोडून तुमच्या हाताखाली आलोय. फ्रिज लेव्हलमध्ये बसवून ऐटीत उभा आहे. तुम्ही पुढचे पाय फिरवून फ्रिज मागे कलता करता आणि मग म्हणता, "काय रे, यावर कॅरम खेळायचाय का?" गिऱ्हाईक बाई पदर तोंडाला लावून हसतात. माझे कान तापतात.

मी शिडीवरून उतरलो आणि जॅक फिरवून ट्रेलरची त्या खोलीकडची बाजू बोटभर खाली घेतली. पाणी बाहेरच्या कडेने सरसर ओघळून गेलं.

आज शाचोंनी गादीवर तळहात फिरवला. "कुठे शिकलास?"

"वडिलांकडे."

"मग फोन करून सांग त्यांना. खूश होतील."

मी "हो" म्हणालो.

फ्रिज कशासाठी कलता करायचात, दार आपोआप लागावं म्हणून की आतलं पाणी मागे जावं म्हणून, हे तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं. आणि तुम्ही आता या जगात नाही, हे मी शाचोंना सांगितलेलं नाही. उद्या ते नक्की विचारतील, काय म्हणाले वडील? मी तुमचं ते कॅरमचं वाक्य सांगेन.