फुली मारलेला बाक

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला थांबला असेल. नसला तर त्यांना म्हणावं औषध घ्या, नुसतं खोकल्यावर चिडून तो थांबत नाही. आम्ही इकडे खुशाल आहोत. (गुरुजींनी शिकवलं होतं, पत्रात आधी समोरच्याची विचारपूस करावी आणि मग आपलं रडगाणं गावं. विचारपूस झाली.)

घरात जुना बाक आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी आंघोळ झाली, देवापुढे बसून झालं, तुझी भावजय अजून न्हाणीघरात आहे असं बघितलं आणि मी बैठकीच्या खोलीत फरशीवर उताणा झोपून ओळखीच्या वाटणाऱ्या त्या बाकाखाली डोकं घातलं. नुकतंच देवाचं नाव घेतलेल्या तोंडातून पुढे जे शब्द निघाले ते तुला लिहीत नाही. बाकाला खालच्या बाजूनं पिवळ्या खडूची फुली होती, आणि ती फुली मी मारलेली होती. माझी फुली मला ओळखू येते. तिचा एक पाय नेहमी लांब जातो.

माझं काम तुला ठाऊक आहे, पण तू चारचौघांत 'धाकटा बसच्या डेपोत मोठा अधिकारी आहे' असं सांगतेस म्हणून पुन्हा लिहितो. मी डेपोच्या मागच्या शेडमध्ये असतो. बसमधून निघालेली मोडकी वस्तू माझ्यापुढे येते. मी ती हलवून बघतो, आणि बसमध्ये परत लावण्यासारखी नसली तर तिच्यावर फुली मारतो. मग ती भंगारात जाते. आरसे, दारं, आसनं, सगळं. जग निर्माण करायचं काम देवानं स्वतःकडे ठेवलं आणि मोडीत काढायचं थोडंसं माझ्याकडे दिलं, अशा समजुतीनं मी आजवर नोकरी केली. हा बाक तिघांचा. बस खांबाला घासली तेव्हा पत्रा आत दबला आणि बाकाचा वाटेकडचा, म्हणजे मधल्या चालायच्या बाजूचा, पाय आत दुमडला. मी स्वतः त्यावर बसून पाहिलं होतं. खिडकीकडे कुणी बसलं असेल तर काही होत नाही, पण वाटेकडच्या टोकाला एकटा माणूस राहिला की बाक त्याला घेऊन कलंडतो. असला पाय सरळ केला तरी प्रवाशांच्या बसमध्ये लावायचा नाही, असा नियम आहे. म्हणून फुली. मग तो भंगारवाल्याकडे गेला, तिथून जुन्या वस्तूंच्या दुकानात गेला, तिथे त्याला निळा रंग आणि नवी गादी मिळाली, आणि आमच्या घरी आला. ज्याला शिक्षा सुनावली तोच पुढे जावई होऊन दारात उभा राहावा, तसं झालं.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. लेक नोकरीसाठी लांब गेली, त्यातच तुझ्या भावजयीचा शिवणवर्ग बंद पडला. घर एकदम गप्प झालं. ती दुपारभर शिवणयंत्रासमोर बसायची आणि शिवायची काहीच नाही. मग तिनं मोबाईलवर एका बाईंना बाटलीचा दिवा करताना पाहिलं. तिथून पुढे घरात नवी वस्तू आणायची नाही, जुनी शोधायची, तिच्यातून काहीतरी घडवायचं आणि पृथ्वीवरचा कचरा तेवढा कमी करायचा, असं ठरलं. विचार चांगला आहे, अक्का, मी त्याला नाही म्हणू शकत नाही. आपण लहानपणी तेच करत होतो. वडिलांच्या सदऱ्याची माझी चड्डी व्हायची आणि चड्डीचं पायपुसणं. फक्त तेव्हा आपल्याला वाटायचं की आपण गरीब आहोत. ही जीवनशैली आहे हे कुणी सांगितलंच नाही.

तर आता आमचं जेवणाचं टेबल म्हणजे कुठल्याशा कचेरीचं दार आहे. त्याला पत्रं टाकायची फट आहे आणि चमचे त्या फटीतून माझ्या पायावर पडतात. कडीही तशीच ठेवली आहे ('ती अस्सल आहे, काढायची नाही'), तिच्यात माझी बाही अडकते, आणि अर्ध्या जेवणातून उठायची वेळ आली तर आधी स्वतःला सोडवून घ्यावं लागतं. कपाट गेलं आणि त्याच्या जागी एकावर एक पत्र्याच्या पेट्या आल्या. माझे बनियन सर्वांत खालच्या पेटीत आहेत. माझ्या चपला तुटल्या तेव्हा तिनं कुणा धिप्पाड माणसाचे जुने बूट आणले. ते घालून मी डेपोत गेलो तर पहारेकरी म्हणाला, "साहेब, बूट पुढे आले, तुम्ही मागून येताय का?" मी हसलो. दमलेल्या माणसाला हसणं सोपं पडतं, उत्तर द्यावं लागत नाही.

पण ती बदलली, अक्का. सकाळी गुणगुणते. पॉलिश पेपरनं लाकूड घासताना तिच्या कपाळावर लाकडाचा भुगा असतो आणि डोळ्यांत चमक असते. बाक आला त्या दिवशी तर तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ज्यानं हा फेकला ना, त्याला देवानं डोळे दिले, नजर द्यायची राहिली." मी शेजारीच उभा होतो, दोन्ही डोळ्यांसकट. आता त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार?

म्हणून सांगितलं नाही. मी एक पद्धत बसवली. बसमध्ये खिडकीकडचं होतं ते टोक तिला द्यायचं आणि वाटेकडच्या वाईट टोकावर आपण बसायचं. ती बसली की बसायचं, ती उठली की त्याच क्षणी उठायचं. तिला विळी आठवली, मी उठलो. तिला दारावर कुणी आल्याचा भास झाला, मी उठलो. संध्याकाळी देवळात जायचं मी जवळजवळ सोडलं आहे, कारण एवढी उठबस तर तिथे कधीच होत नव्हती. मी असा मागोमाग उठलो की ती मात्र माझ्याकडे बघून हसते. का हसते ते मी विचारलं नाही.

एकदाच चूक झाली. वरच्या मजल्यावरचे पेन्शनर काका आले होते. ते वाटेकडे बसले, मी खिडकीकडे. दूधवाल्यानं हाक मारली आणि मी सवयीनं उठलो. परत येऊन बघतो तर काका फरशीवर, कप हातात सरळ धरलेला, चहा सगळा सदऱ्यावर. तुझी भावजय स्वयंपाकघरात होती, तिला काहीच दिसलं नाही. मी तोंड उघडणार तोच काका हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नका हं. भोवळ आली वाटतं." दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं आहे. त्या माणसाचं मीठ माझ्या गळ्याशी आहे, अक्का. रोज देवापुढे बसलो की आधी काका दिसतात आणि मग देव.

आणि आता रविवार. येत्या रविवारी तिनं गल्लीतल्या बायकांना घर बघायला बोलावलं आहे. जुन्या वस्तूंनी घर कसं सजवावं हे ती त्यांना दाखवणार, आणि त्यांना आवडलं तर शिवणवर्गाच्या जागी याचाच वर्ग काढणार. तिनं काय बोलायचं त्याची आरशासमोर तालीमही केली आहे. बायका येणार, बसणार, उठणार. बायकांचा घोळका एकाच वेळी बसून एकाच वेळी उठल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. त्यातली एक जरी खाली आली तर तो वर्ग सुरू होण्याआधीच बंद पडेल, आणि ती पुन्हा त्या शिवणयंत्रासमोर जाऊन बसेल.

बाकी सर्व ठीक. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, भावोजींना पंखा कमी ठेवायला सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. आता खरं काम. रविवारी सकाळी तू ये. आलीस की थेट बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला बस आणि शेवटची बाई जाईपर्यंत उठू नकोस. पाणी मागवून घे. कुणी पाया पडलं तर बसूनच आशीर्वाद दे. विचारलं तर गुडघ्याचं सांग, ते खोटंही होणार नाही. भावोजींना का बोलावत नाही असं म्हणशील, तर भावोजी फार हलके आहेत. यातून भलता अर्थ काढू नकोस.

ता. क. दुसरा. हे पत्र टाकायचं राहिलं आणि आता ते निम्मं खोटं झालं आहे. काल सकाळी मी देवापुढे बसलो आणि माझ्या लक्षात आलं, आपण देवाकडे मागतोय काय, तर रविवारी वाटेकडच्या टोकाला कुणी एकटं बसू नये. माझी मलाच लाज वाटली. जे देवाला सांगता येतं ते शेजारच्या खोलीत का सांगता येऊ नये? तसाच उठलो आणि तिच्याकडे गेलो. ती उशीचा अभ्रा शिवत होती. सगळं सांगितलं, फुलीपासून काकांच्या मिठापर्यंत.

"अहो, म्हणजे मी तुमचंच भंगार घरी आणलं?"

हो म्हणालो.

"आणि ते नजरेचं मी तुम्हालाच बोलले?"

त्यालाही हो म्हणालो. तेव्हा ती इतकी हसली की तिला सुई खाली ठेवावी लागली. मग हसणं थांबलं.

"मी उठले की तुम्ही लगेच उठायचा, ते बाकावरून पडू नये म्हणून होय?"

"हो."

"मला वाटलं..." ती म्हणाली, आणि तिनं दोरा दातानं तोडला. काय वाटलं ते मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही. तुमच्या डेपोतल्या वेल्डरला बोलवा. आणि आधी वर जाऊन काकांना सांगून या."

वर गेलो, सांगितलं. काकांनी तिथल्या तिथे आतल्या खोलीकडे तोंड करून मीठ मागितलं. दुपारी वेल्डर आला. त्यानं पाय सरळ केला, खाली लोखंडी पट्टी जोडली आणि मला एकट्याला वाटेकडच्या टोकावर बसवून बाक गदागदा हलवला. आता तो कुणालाच पाडत नाही. रविवारी तू तरीही ये, आणि हवी तिथे बस.

संध्याकाळी आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. ती दूध बघायला उठली. मीही उठलो.

"आता कशाला?" तिनं विचारलं.

म्हटलं, असंच.

ती स्वयंपाकघराकडे पुढे झाली. मी मागोमाग गेलो, तर तिनं गाळणं माझ्या हातात दिलं.