हिल्डाबाईंचं बिऱ्हाड

नेकारसुल्म, जर्मनी,
नोव्हेंबरअखेर

तीर्थरूप श्रीधरबाबांस, जावई उल्हासचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं अरुंधतीकडून कळलं, फार बरं वाटलं. (तेल बदललंत की डॉक्टर?) इकडे आम्ही खुशाल. अन्वीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. त्यामुळे तिला रागावल्यावर ती उलट काय बोलली ते मला नंतर अरुंधतीला विचारावं लागतं.

तर बाबा, मी अस्वलाचं घर बांधलं. घाबरू नका, नोकरी शाबूत आहे, आठवडाभर गाड्यांच्या सीटच डिझाइन करतो. पण शनिवारी आम्ही तिघं इथून जवळच्या अस्वलांच्या आश्रमात मदतीला जातो. सर्कशीतून, पिंजऱ्यांतून सोडवलेली अस्वलं तिथे कुंपण घातलेल्या जंगलात राहतात. त्यातली हिल्डा म्हणजे गळ्याशी पांढरी चंद्रकोर असलेली, काळीभोर, वयस्क बाई. उभा जन्म सर्कशीच्या गाडीत गेल्यामुळे थंडीत बिळात शिरून झोपायचं असतं हेच तिला ठाऊक नाही. (बाकीची मंडळी दिवाळीनंतर आडवी होतात ती होळीलाच उठतात. हेवा वाटतो.) मागचा अख्खा हिवाळा ती कुंपणाच्या कडेने येरझारा घालत राहिली, तळपाय सोलवटून निघाले. आश्रमाच्या प्रमुख फ्राऊ केसलर (फ्राऊ म्हणजे बाई) म्हणाल्या, असा आणखी एक हिवाळा तिला झेपणार नाही. हे ऐकून मला राहवेना. एवढ्या लोकांच्या पाठींना आराम देणाऱ्या माणसाला एका अस्वलाची पाठ जड आहे का? मी म्हटलं, गुहा मी करतो.

आणि केली! ओकच्या जाड फळ्या, दुहेरी भिंत, पाणी निघून जायला उतार, तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला, आत भरपूर पेंढा. कमरेला आधार म्हणून तळाला किंचित बाकसुद्धा दिला. (अस्वलाची कंबर नेमकी कुठे असते यावरून फ्राऊ केसलरशी थोडा वाद झाला. त्यात माझंच बरोबर होतं.) अरुंधती एवढंच म्हणाली, "अरे, पण तिला विचारलंस का?"

उद्घाटनाला सगळे कुंपणाबाहेर श्वास रोखून उभे. हिल्डा आली, तिने फळ्या हुंगल्या, आत शिरली, बसली. मी लोकांची अभिनंदनं स्वीकारायला सुरुवात केली. तेवढ्यात बाई पाठमोऱ्या बाहेर आल्या. दोन्ही पंजांनी पेंढ्याचा भारा ओढत, उलट्या पावली निघाल्या त्या थेट एका उन्मळून पडलेल्या झाडाकडे. त्याच्या मुळांखाली ती बरेच दिवस उकरत होती. आम्हाला वाटायचं, किडे शोधते आहे. ते बीळ होतं! भारा आत कोंबला, परत आली, दुसरा नेला, मग तिसरा. माझी गुहा झाडून रिकामी. अन्वी ओरडली, "पापा, झी त्सीट उम!" म्हणजे बाई बिऱ्हाड हलवताहेत.

हसायला कुणी तयार नव्हतं. फ्राऊ केसलर चक्क रडत होत्या. हिल्डाला हे कुणीही शिकवलेलं नव्हतं हो. सगळं सामान लागल्यावर तिने एकदा बाहेर डोकावून पाहिलं, आणि आत गेली ती गेलीच. आज पंधरवडा झाला, येरझारा बंद. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. वारा फार गार होता. फ्राऊ केसलरांनी माझा हात दाबला तेव्हा मी म्हटलं, "गेनाऊ! अगदी बरोबर, मला हेच अपेक्षित होतं." गुहा फसली असं म्हणणारे लोक ऑफिसात आहेत. पेंढा कुणाचा होता, हे ते विसरतात.

तब्येतीला जपा. आईंना नमस्कार सांगा, पण पत्र दाखवू नका.

आपला,
उल्हास

ता. क. : मोबाईल सोडून कागदावर का लिहितोय, असं तुम्हाला वाटलं असेल. तुमचे मेसेज तुमच्या आधी आई वाचतात. बाबा, हिल्डाने शेवटी ओढून नेला तो पेंढा नव्हता. खालचे स्क्रू पिळायला ओल्या जमिनीवर आडवं व्हावं लागे, म्हणून घरून अंथरायला काहीतरी नेलं होतं, ते गुहेतच राहिलं. आईंनी स्वतः शिवलेली, हिरव्या इरकलीच्या काठाची गोधडी. झोपलेल्या अस्वलाला उठवायला इथे सक्त मनाई आहे, आणि आई जानेवारीत येताहेत. त्यांचं तिकीट कसंही करून एप्रिलपर्यंत ढकला. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच आईंचा फोन. अरुंधतीने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला : हिल्डा पाठमोरी, पंजांत गोधडी. आईंनी काठ ओळखला. मी दोन भाषांत माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्याकडे आल्यापासून कपाटातच होती ना? अंथरली एकदाची कुणीतरी." तेव्हा तिकीट आहे तसंच जानेवारीचं राहू द्या. त्यांनी बाकीच्या अस्वलांची मापं मागवली आहेत. तुमचे आवडते शर्ट तेवढे लपवून ठेवा.