आस्टा बोटीचा एकच फोटो

१४ एप्रिल
आजपासून फोटोतली गर्दी बंद. पन्नाशी उलटली, आणि आजवर काढलेल्या प्रत्येक फोटोत कुणाचे तरी डोळे मिटलेले आहेत. यापुढे एक खांब, एक रेषा, बाकी आभाळ. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म. माणसं शक्यतो नाहीत. एका निगेटिव्हची एकच प्रिंट, मग निगेटिव्ह कात्रीने कापून कचऱ्यात. फ्रेमला काच नाही; काचेत खिडकी दिसते, म्हणजे परत गर्दी. नियम बायकोला, विबेकेला, वाचून दाखवले. ती म्हणाली, आधी नियम कमी कर.

२२ एप्रिल
पहिली फिल्म धुतली. धुक्यातला कुंपणाचा खांब. निगेटिव्हवर धुकं उत्तम आलंय. खांबही असावा.
विबेके बाहेरून दार वाजवत होती. घरात बाथरूम एकच, त्याला मी काय करू? तिला शेजाऱ्यांकडे जावं लागलं. त्यांनी कॉफी पाजली म्हणे. म्हणजे नुकसान काहीच नाही.

४ मे
सासऱ्यांकडे जेवण. हेरिंग मासे, राय धान्याचा काळा पाव, बटाटे. शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे थोरवालांनी, काटा खाली ठेवून सांगितलं की आस्टाचा तळ कुजलाय. कुणी फुकटसुद्धा घेणार नाही. सांक्ट हान्सला, जूनमधल्या सणाला, किनाऱ्यावर होळी पेटते, तीत ती जाईल. आस्टा म्हणजे बोट. त्याआधी आस्टा म्हणजे सासूबाई. त्यांच्यावरून बोटीचं नाव.
मेव्हण्याने, मोगेन्सने, लगेच मोबाइल काढला. चला, आत्ताच किनाऱ्यावर जाऊन एक काढू. मी म्हणालो, ठेव तो खिशात. घरात फोटोग्राफर आहे.
थोरवाल म्हणाले, जावईबापू, दोघंही दिसलो पाहिजे हं. ती आणि मी. बाकी तुमची कला.
शब्द दिला.

१३ मे
ऊन. उन्हात सगळंच दिसतं. उपयोग नाही.

१९ मे
ढग होते. पाठ धरली होती.

२ जून
सासऱ्यांचा फोन. तुम्ही ढगांची वाट बघताय की माझी, विचारत होते. त्यांना म्हटलं, थांबणं हाच या कामाचा अर्धा भाग. ते म्हणाले, उरलेला अर्धा कधी?

९ जून
झालं! आभाळ पांढरंशुभ्र, समुद्र त्याच रंगाचा. थोरवाल दाढी करून, कोट घालून आले होते. कोटाचं कारण कळलं नाही. एवढ्या अंतरावरून बटणं कुठे दिसणार? त्यांना नाळेजवळ, बोटीच्या पुढच्या टोकापाशी, उभं केलं आणि मी मागे जात राहिलो. वाळूच्या टेकडीवर चढलो. बोट नखाएवढी झाली तेव्हा कुठे चौकटीला श्वास घेता आला. ते हात हलवून काहीतरी ओरडत होते, वाऱ्यात कळेना. एकदाच बटण दाबलं. दुसरं दाबणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास.
विबेके खाली, चौकटीबाहेर थांबली होती; परतताना तिला विचारलं, काय ओरडत होते? ती म्हणाली, कुठे निघालात, असं.

१७ जून
प्रिंट काढली. जूनमध्ये आपल्याकडे उत्तरेत अंधार म्हणून पडत नाही, खिडकीला दोन गोधड्या लावाव्या लागल्या. विबेके शेजाऱ्यांकडे. आता ती जेवूनच येते.
प्रिंट म्हणजे निव्वळ शांतता. खाली वाळूची पट्टी, तीवर आस्टाची आडवी काळी रेघ. थोरवाल तिच्या सावलीत विरघळलेत, दिसत नाहीत, पण जाणवतात. नाळेपाशी एक काळा ठिपका मात्र होता. फिल्मवर ओरखडा असला की असे ठिपके येतात. सराव असलेला हात ब्लेडच्या टोकाने ते अलगद खरवडतो. खरवडला. आता तिथे नितळ पांढरं. निगेटिव्ह कापली. नियम म्हणजे नियम.

२३ जून
संध्याकाळी सगळं गाव किनाऱ्यावर. ट्रॅक्टरने आस्टाला ओढत आणलं, वर रिवाजाप्रमाणे जाळायची गवताची चेटकीण बसवली. मोगेन्सने पुन्हा मोबाइल काढला, मी नुसतं बघितलं, त्याने ठेवला. फोटो आगीनंतर द्यायचा असं मी ठरवलं होतं, परिणाम वाढतो.
डांबर माखलेलं लाकूड भराभर पेटतं. थोरवाल टोपी काढून उभे होते. नाव लिहिलेली फळी जळाली तेव्हा विबेकेने त्यांचा हात धरला. मग कॉफीला बसलो आणि मी गुंडाळलेला कागद काढून फ्रेम त्यांच्या हातात दिली.
त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. म्हणाले, आभाळ छान आलंय. मग विचारलं, मी कुठाय?
मी समजावलं, तुम्ही सावलीत आहात. ते म्हणाले, सावली कुठली, ऊनच नव्हतं. मी नाळेच्या पुढे होतो, तुम्हीच उभं केलंत. त्यांनी बोट ठेवलं. नितळ पांढऱ्यावर. ब्लेडचं सांगावं लागलं.
मोगेन्स म्हणाला, दुसरी प्रिंट काढ की.
मी कॉफी प्यायलो. गार होती.

२४ जून
विबेके बोलत नाही. शेजाऱ्यांशी बोलते.

१६ जुलै
कॅमेरा कपाटात. पाठीमुळे.

१९ ऑगस्ट
सासऱ्यांकडे जेवण. हेरिंग. जायचं टाळत होतो, पण कारणं संपली.
फोटो कॉफीच्या टेबलाच्या वर, भिंतीला टांगलाय. काच अर्थातच नाही. पोस्टमन आला तर त्यालाही उठवून दाखवतात. हेरिंगच्या तेलाचं बोट कागदावर टेकवून म्हणतात, ही आस्टा, आणि हा इथे मी. जावयाने साफ केला.
मोगेन्स पुन्हा पुन्हा हसतो.
ते कॉफी आणायला आत गेल्यावर जवळ जाऊन बघितलं. रोज बोट टेकून नाळेपाशी एक डाग पडलाय. राखाडी, उभट, माणसाएवढा. म्हणजे त्या अंतरावरच्या माणसाएवढा.
ब्लेड खिशात होतं. राहू दिलं.
चौकट तोलायला तिथे काहीतरी हवंच होतं, हे मी आधीपासून म्हणत होतो.