मागच्या दाराने

दि. ९ मार्च, दुपार

टेलरमास्तर यांस नमस्कार,

एका सकाळी मी चादर पिळत होते आणि हे दुसरं टोक धरून उभे होते. तिथूनच सुरुवात करते, कारण काल तुमच्याशी मी धड बोलले नाही. बाकी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, चालवून घेते.

तुमच्या वस्तीत पाहणीसाठी विचारायचे प्रश्न हे आधी माझ्यावर घासून बघत. मी तुमच्याकडचा एखादा पुरुष व्हायचं आणि उत्तरं द्यायची. मला हसू आवरत नसे. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "त्रास होतो तो कुणाला सांगता, की मनातच ठेवता?" आवाज इतका मऊ, की माझ्या हातातलं टोक सुटलं. म्हटलं, "मनातच ठेवते. मला कुणी विचारतच नाही."

"असं नको गं," हे म्हणाले, "वस्तीतला माणूस असं नाही बोलायचा." आणि पुढचा प्रश्न.

मूठभर लोकांची तुमची वस्ती. तिथल्या पुरुषांचे गुप्तरोग, त्यांची लाज, दवाखान्याची धास्ती, याच्या अभ्यासातच ह्यांची सगळी नोकरी सरली. शेजारणी विचारत, "असल्या कामाची तुला लाज नाही वाटत?" लाज कधीच वाटली नाही, मास्तर. सवत असती तर तिच्याशी भांडले तरी असते. इतक्या पुरुषांशी कशी भांडू? ह्यांच्या शोकसभेत तुम्ही म्हणालात, "एका उत्तरासाठी सर तासभर गप्प बसून राहत." घरी भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढ्या उत्तराची वाट मी बघायची.

काल तुम्ही आलात. म्हणालात, "आमच्यातले पुष्कळ जण सभेला आलेच नाहीत. सरांसाठी रडताना कुणी पाहिलं, तर हा त्यांच्याकडे कशाला जात होता ते लोक ओळखतात. त्यांना एकेक करून तुमच्या घरी येऊ देता का?"

मी म्हटलं, घर लहान आहे. घर तुम्ही पाहिलेलं आहे. ह्यांच्यामागे रडण्याचा हक्क तेवढा माझ्या एकटीचा उरला होता, तोही वाटून द्यायचं जिवावर आलं.

तुम्ही "बरं" म्हणून चपला घातल्यात. दोन शब्द वाद घातला असतात तर मला राग तरी धरता आला असता.

आज सकाळी मी मागच्या बोळातलं सामान हलवलं, ह्यांच्या टेबलाशी एक खुर्ची ठेवली आणि मागच्या दाराची कडी काढली.

तुमची
वहिनी