रेडिओतल्या तांबड्या मुंग्या

सोम., २८ ऑक्टो. ७४

रेडिओत मुंग्या झाल्या आहेत. तांबड्या. सकाळी प्रथम सिंधूने पाहिले. मागची पुठ्ठ्याची पाटी सैल करून मी बोट आत घातले, तेव्हा बातमीला दुजोरा मिळाला. बोट सुजले आहे, म्हणून आजचे अक्षर असे.

कारण समजले. खंडेनवमीला घरातल्या कामाच्या वस्तूंची पूजा. विळी, पाटा, माझा टाइपरायटर दरवर्षीचे. यंदा सिंधूने रेडिओही मांडला, कारण ६ तारखेला दुपारी साडेबाराला त्यातून तिचाच आवाज येणार. महिलांच्या कार्यक्रमात. नागपूर केंद्रावर जाऊन ध्वनिमुद्रण करून आली: 'साखर मिळेना, तर फराळ गुळाचा'. हळद-कुंकू झाले आणि नैवेद्याचा गूळ रेडिओच्या डोक्यावर ठेवला. संध्याकाळी मी बातम्या लावल्या. रेडिओ तापला, गूळ पाघळून फटींतून आत. गूळ तिचा, ऊब माझी.

भाषण एकदाच लागणार. गल्लीत दुसरा रेडिओ शेजारच्या गोदाबाईंचा. पण सिंधू नागपूरला निघाली तेव्हा त्या ओट्यावरून म्हणाल्या होत्या, "रेडिओवर बोलाले गळा लागते, सिंधूबाई. तुमचा त भाजीवालीशी घासाघीस करूनच बसला."

तेव्हापासून बोलणे बंद.

सिंधू : "मी माह्या घरात, माह्या रेडिओवर ऐकीन. नाही त ऐकणारच नाही."

मंगळ., २९

हळदीचा उपाय. तिच्या भाषणातलाच. गुळाच्या डब्याभोवती हळदीची रेघ ओढा, मुंगी ओलांडत नाही. रेडिओभोवती चांगली बोटभर जाड ओढली.

उपाय खरा निघाला. मुंग्या रेडिओतून उतरतात, रेघेपर्यंत येतात, थांबतात, विचार करतात आणि परत रेडिओत जातात.

मी म्हटले, "तू त्याइले आतमधी कोंडलं."

"पण रेघ खोटी नाही न?"

"नाही."

"मंग झालं."

बुध., ३०

ओळखीच्या फवारणीवाल्याकडून डी.डी.टी.ची पुडी आणली. चिमूटभर टाक म्हणाला होता. मी सगळीच ओतली. मुंग्या पळतील तिथे पळोत, असा हिशेब.

संध्याकाळच्या बातम्या. निवेदक जोरात बोलला की पुढच्या कापडातून पांढरा धुरळा. सिंधू स्वयंपाकघरातून, "अहो, आधी पोळ्या झाकू द्या, मंग मंत्र्याले बोलू द्या." मंत्र्याचे अर्धे निवेदन खरखरीत गेले. मधेच जळक्या मुंगीचा वास. उरलेल्या अर्ध्यावर भागवले, कापूस बाजाराची बातमी जोडली आणि पेपरचे पाकीट अकोल्याच्या एस.टी.ने पाठवायला धावलो. कंडक्टर : "भाऊ, आज भस्म लावून आले?"

रात्री मुंग्या होत्या तेवढ्याच. कदाचित जास्त.

शुक्र., १ नोव्हें.

रेडिओ सायकलच्या कॅरिअरला बांधून दुरुस्तीवाल्या गफूरभाईंकडे नेला. त्यांनी पाठ उघडली, बराच वेळ पाहत राहिले.

"साहेब, हा रेडिओ नाही राह्यला. गाव हाय हे. सरपंच तेवढा दिसून नाही राह्यला."

उपाय : पाठ उघडी ठेवून दुकानासमोर उन्हात ठेवायचा. ऊन लागले की आपसूक जातात.

"कुठं जातात?"

"जातीन कुठीबी. आपल्याले काय करायचं?"

इथे पुढचा प्रश्न विचारायला हवा होता. इतकी वर्षे बातमीदारी करून विचारला नाही. दुकानात बाकीच्यांचे रेडिओ एकाला एक लागून ठेवलेले होते, तेही पाहिले होते.

रवि., ३

रेडिओ घरी. आत एक मुंगी नाही. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. सिंधूने हात धुऊन, पुसून स्वतः बटण फिरवले. स्वच्छ आवाज. कुणीतरी गव्हाच्या पेरणीबद्दल सांगत होते. गहू आमचा नाही, शेत आमचे नाही, तरी ती शेवटपर्यंत उभी राहून ऐकत होती.

"माहाही असाच येईन?"

म्हटले, येईल.

तासाभराने गोदाबाई दारात. सिंधूकडे न पाहता, "भाऊ, तुमी पेपरात लिहिता न? मंग हे लिहा. गफूरकडं बटन बसवाले रेडिओ देल्ला होता. काल घरी आणला त आत लाल मुंग्याच मुंग्या. म्या त रेडिओवर कधी साखरेचा दाणा ठेवला नाही."

मी म्हटले, चौकशी करतो.

सिंधू आत गेली. भांडी घासलेली होती, तीच परत घासायला घेतली.

सोम., ४

मुंग्या परत आल्या. वाट्यांत पाणी तसेच, एकही बुडालेली नाही. दुपारी शोध लागला. आमची एरियलची तार आणि गोदाबाईंची तार, दोन्ही सामाईक भिंतीवरच्या एकाच बांबूला बांधलेल्या. मुंग्या गोदाबाईंच्या घरून तारेने बांबूवर, बांबूवरून आमच्या तारेने खिडकीतून आत. ओळीने, घाई नाही. दिवाळी जवळ आली, लेकी माहेरी निघाल्या.

तार सोडवली. पण आलेल्या आत शिरल्या होत्या. सिंधू वेताच्या मोढ्यावर बसून राहिली. मग पदर खोचला आणि गोदाबाईंकडे गेली. मी भिंतीच्या अलीकडे, वांग्याच्या झाडांना पाणी घालत. झाडांना पाणी सकाळीच झाले होते.

"गोदाबाई, त्या मुंग्या आमच्या आहेत."

"तुमच्या?"

"खंडेनवमीचा गूळ. गफूरभाईच्या दुकानातून तुमच्यात गेल्या."

मग गोदाबाई, "तरीच म्या म्हनो, एवढ्या चावऱ्या कोनाच्या घरच्या?"

"तुमच्याकडं राहून चावऱ्या झाल्या. आमच्याकडून गरीब आल्या होत्या."

हसल्या वाटते. कोण आधी, ते भिंतीमुळे कळले नाही.

"मंग उद्या दोनीबी उन्हात टाकू," गोदाबाई. "परवा साडेबाराले हाय न तुमचं?"

"तुमाले काय माहीत?"

"गळा कसा वाजते, पाहाचं हाय न."

मंगळ., ५

सकाळपासून आमच्या अंगणात दोन रेडिओ, पाठ उघडी टाकून, उन्हाला. गफूरभाईंना घरी बोलावले. आपल्या दुकानाचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही. गोदाबाईंनी उद्यासाठी गूळपापडी करून आणली आणि सवयीने ताट ठेवायला सरळ रेडिओकडे वळल्या. सिंधूने ते वरच्यावर घेऊन शिंक्यात टांगले.

चार वाजता चाचणी. आमचा रेडिओ मोठ्याने बोलतो, पण थोड्या वेळात घसा धरतो. गोदाबाईंचा थांबत नाही, पण कुजबुजतो. दोन्ही आमच्या खोलीत मांडले. दोन टेबले, आठ वाट्या, दोन्हींचा काटा नागपूरवर. तारा वेगवेगळ्या बांबूंना.

दिवेलागणीला सिंधू, "ते हळदीच्या रेघेचं मी बोलली आहे. 'माझा स्वतःचा अनुभव आहे' असंही. आता काढता नाही येत?"

"नाही. बोललेलं गेलं."

"गोदाबाई तिथंच बसलेली राहीन."

"तिनं रेघ पाहिली कुठं?"

सिंधूने टेबलाकडे बोट दाखवले. रेघेचा पिवळा डाग अजून आहे. त्यावर भरतकामाचा रुमाल पसरला.

उद्या अकरा वाजल्यापासून गल्लीतल्या बायका येणार. बसायला पाट ज्याचे त्याने आणायचे. दोन्ही मिळून एक तरी बोलेल, असा गफूरभाईंचा अंदाज. दुजोरा नाही.